खालची कवळी हलते, म्हणून लगेच नवी करायला टाकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ७१. नऊ वर्षांपूर्वी सगळे दात काढले आणि तेव्हापासून तीन कवळ्या झाल्या. वरची बसते, रात्रीही तोंडातच असते. खालची बोलताना उचलली जाते, म्हणून जेवायला बसल्यावर आई ती काढून बाजूला ठेवतात. मधुमेह आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी मिश्री लावायच्या. एक डॉक्टर म्हणाले नवीन करू. दुसरे म्हणाले चार स्क्रू टाकून फिक्स दात बसवू. तिसरे म्हणाले खाली हाडच उरलेलं नाही, आहे तेच चालवा. तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

खरं सांगायचं तर तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. तुम्ही सविस्तर लिहिलंय, पण त्यात तिघे काय करणार एवढंच आहे. त्यांना तोंडात काय सापडलं, हे कुठेच नाही. कवळी हलते ही तक्रार झाली, कारण नव्हे. कारणं पाच-सहा असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणारा दंतवैद्य आहे, माझ्याकडचे निम्मेअधिक पेशंट कवळीचेच. आईंना पाहिल्याशिवाय मी निकाल देणार नाही, पण आम्ही निर्णयापर्यंत कसे येतो ते सांगतो. म्हणजे पुढच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर अपेक्षाच चुकते. वरची आणि खालची कवळी यांना एका मापाने मोजता येत नाही. वरच्या कवळीला टेकायला सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला जेमतेम १२. वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो. मध्ये लाळेचा पातळ थर आणि कडा सगळीकडून बंद, म्हणून दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी ती वर धरून राहते. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची. तिच्या आतल्या बाजूला जीभ, बाहेरच्या बाजूला गाल आणि ओठ, आणि हे तिन्ही दिवसभर हलणारे. त्यात हाडाची झीज. दात गेले की जबड्याचा कणा, म्हणजे दात जिथे होते तो हाडाचा उंचवटा, झिजू लागतो. पहिल्या वर्षात जास्त, मग हळूहळू, पण थांबत कधीच नाही. टॅलग्रेन या संशोधकांनी काही पेशंटचे २५ वर्षांचे एक्स-रे ताडून १९७२ साली दाखवलं की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट होते. त्यामुळे ‘वरची बसते, खालची बसत नाही’ यावरून लगेच डॉक्टरांना नावं ठेवू नका. उत्तम केलेली खालची कवळीसुद्धा चिकटत नाही, ती नीट टेकून राहते आणि पेशंट तिला जिभेने-गालाने सांभाळायला शिकतो.

आता तपासणी. पेशंटचा फोन आला की मी सांगतो, घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या कवळ्या पिशवीत घालून आणा, तुटलेलीसुद्धा. शिवाय गोळ्यांची पाकिटं आणि दात असतानाचा एखादा हसरा फोटो. लोक जुनी कवळी आणायला लाजतात, पण मला सर्वांत जास्त माहिती तीच देते. तुमच्या आईंच्या तिन्ही कवळ्यांच्या कडा सारख्याच आखूड असतील, जिभेकडची बाजू मागे दाढेपाशी नीट खाली उतरलेलीच नसेल, तर तिन्ही वेळा माप अर्धवट घेतलं गेलं. असं असेल तर ‘नवीन करू’ म्हणणारे डॉक्टर बरोबर असू शकतात, मात्र चौथ्या वेळी माप वेगळ्या पद्धतीने घेणार असतील तरच. उलट कडा पुरेशा आहेत, चावा जुळतोय आणि तरी कवळी तरंगते, तर चौथी कवळीही तरंगेल. मग गोम कवळीत नाही, जबड्यात किंवा स्नायूंत आहे.

त्यानंतर मी विचारतो, कवळी नेमकी कधी हलते? यावर पेशंट थोडे वैतागतात (‘अहो, सारखीच हलते!’), पण नेटाने विचारलं की फरक निघतोच. तोंड जरा उघडलं, ओठ हलला की लगेच उचलली जाते: कुठेतरी कड लांब किंवा जाड आहे, स्नायू तिला ढकलतोय. गप्प बसल्यावर, बोलताना ठीक, पण चावायला लागलं की एका बाजूने उठते: चावा चुकलाय किंवा दात हाडाच्या कण्यापासून फार बाहेर लावलेत. सकाळी ठीक, दुपारनंतर सैल: लाळेकडे बघा. बोलताना दात एकमेकांवर आपटून टकटक होतं: दोन जबड्यांतलं अंतर जास्त ठेवलंय. आराम करताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी, ती खाऊन टाकलीय. हे घरीही बघता येईल. आईंना सावकाश ‘सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट’ म्हणायला लावा. ‘स’ म्हणताना दात आपटत असतील तर अंतर जास्त. उलट गाल आत गेलेत, हनुवटी नाकाकडे आलीय, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात, तर अंतर कमी झालंय. जुन्या झिजलेल्या कवळीत हे हमखास दिसतं.

पुढचं तोंड तपासणं. आईंच्या बाबतीत इथे मी मुद्दाम वेळ घालवीन, कारण मिश्री. आपल्याकडच्या कित्येक बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘छे’ म्हणतात; ‘मिश्री लावता का?’ विचारलं की हो. सोडून वर्षं झाली असली तरी हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा उजेडात नीट बघायलाच हवी. पांढरा न पुसला जाणारा चट्टा, लाल मखमली डाग, कडक गाठ, यातलं काही असेल तर कवळी राहते बाजूला, आधी तो तपास. कवळीखालच्या जखमेचा आमचा नियम साधा आहे: टोचणारी जागा घासून कमी करायची, दोन आठवड्यांनी परत बघायचं. तरी भरली नाही तर जखमेचा बारीक तुकडा तपासायला पाठवायचा. ‘कवळी लागते म्हणून झालंय’ या समजुतीत महिने जातात, आणि त्यात नको ते वाढत राहतं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांत आणखी एक अडचण असते. गाल आखडून तोंड उघडेनासं होतं आणि मापाचा ट्रेच आत जात नाही. आईंबद्दल तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून पुढे जातो.

लाळ. गालाला आरसा लावला आणि तो चिकटला, की तोंड कोरडं हे कळतं. मधुमेह ताब्यात नसेल तर कोरडेपणा येतो. बीपीतल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या गोळ्या, यांनीही लाळ कमी होते. कोरड्या तोंडात कवळी धरत नाही आणि खाली घासून जखमा होतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण फिजिशियनना विचारून एखादी बदलता येते का हे पाहता येतं.

वरची कवळी रात्रीही तोंडात असते असं तुम्ही लिहिलंय. टाळू लालभडक असण्याची बरीच शक्यता आहे. ती बुरशी असते, मधुमेहात आणखी सहज होते, दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर नवी कवळी सुजेच्या मापाची होते आणि सूज उतरली की सैल. म्हणून आधी औषध, रात्री कवळी काढून पाण्यात, आणि मापाआधी निदान एक पूर्ण दिवस तोंड मोकळं. फार चेपलेल्या हिरड्यांना मी काही आठवडे मऊ लेप असलेल्या जुन्या कवळीवर ठेवतो. ‘पहिल्याच दिवशी माप’ असा आग्रह पेशंटचाच असतो, गावाहून आलेल्यांचा तर फारच. तो मोडून काढावा लागतो.

मग बोटाने चाचपणी, एक्स-रेपेक्षा मी यावर जास्त विसंबतो. खालच्या हाडाचा कणा रुंद आहे की सुरीच्या धारेसारखा? वरच्या पुढच्या भागात हिरडी लुसलुशीत होऊन हलते का? खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात राहिलेत आणि वर पूर्ण कवळी, असं बरीच वर्षं चाललं असेल तर ती हमखास तशी होते. खाली जिभेकडच्या बाजूला हाडाची धार आहे का? आणि विशेषतः, लहान दाढांच्या जागी दाबलं की करंट लागल्यासारखं होतं का? हनुवटीकडे जाणारी नस तिथे बाहेर येते. हाड खूप झिजलं की ती थेट कण्यावर येते आणि प्रत्येक घासाला कवळी तिच्यावर बसते. अशा पेशंटला ‘सवय होईल’ सांगणं निव्वळ क्रौर्य आहे. तिथे कवळी आतून मोकळी करावी लागते किंवा भार दुसरीकडे न्यावा लागतो. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, तर काढायचाच. हिरडीत राहिलेलं मूळ किंवा उगवलेलीच नाही अशी दाढ अनेकदा त्यातच सापडते.

जीभ लोक विसरतात. आई खालची कवळी काढून जेवतात, त्यामुळे जीभ पसरायला शिकली असेल किंवा मागे ओढून घ्यायची सवय लागली असेल. मागे गेलेली जीभ खालच्या कवळीची शत्रू. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टेकलेलं असलं तर कवळी बरीच शांत राहते. काही औषधांनी किंवा पार्किन्सनमुळे जीभ-जबडा आपोआप हलत असेल तर सगळं गणितच बदलतं.

आता जो प्रश्न मी मुलामुलींना खोलीबाहेर बसवून विचारतो: कवळी कुणाला हवी आहे? अमेरिकेतल्या हाउस यांनी कवळीच्या पेशंटचे मनोवृत्तीवरून चार प्रकार पाडले होते: समंजस, चोखंदळ, उदासीन आणि अतिचिंताग्रस्त. आजही ते परीक्षेत विचारतात. मला ती शिक्केबाजी वाटते, पण ‘उदासीन’ हा प्रकार खरा आहे, आणि बहुतेकदा तो घरच्यांनी आणलेल्या पेशंटमध्ये दिसतो. भाकरी आमटीत कुस्करून, भात-वरण, केळं, दूधपोळी असं आई हिरड्यांनी समाधानाने खात असतील आणि खालची कवळी फक्त लग्नकार्यात चेहरा भरलेला दिसावा म्हणून हवी असेल, तर माझी योजना एक. चिवडा, शेंगदाणे, तव्यावरची गरम भाकरी पुन्हा चावून खायची इच्छा असेल, तर दुसरी. कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या पाव-पंचमांशाच्या घरात राहते, हे मी दोन्ही प्रकारच्या पेशंटना आधीच सांगतो. ऊस आणि कच्चा पेरू यांची आशा सोडा. दोन कवळ्या झालेल्या आणि तिसरीही नको झालेल्या पेशंटशी हे बोलणं काम सुरू होण्याआधी झालेलं बरं. नंतर सांगितलं की सबब वाटते.

इथवर हाती काय आलं? जुन्या कवळ्यांतले दोष, तोंडातली अवस्था, शरीराची आणि गोळ्यांची स्थिती, आणि आईंची मागणी. यावरून वाटा फुटतात.

पहिली वाट: खाली बऱ्यापैकी हाड आहे आणि जुन्या कवळ्या सदोष. मग नवी साधी कवळी, पण रीतसर. पहिलं माप, त्यावरून खास आईंच्या जबड्यासाठी ट्रे, मग ग्रीन स्टिकने (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या कांडीने) स्नायू हलवून घेत कडा घडवणं, त्यानंतर शेवटचं माप. पुढे दोन्ही जबड्यांतलं अंतर आणि चावा, मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, बसवणं, आणि दुसऱ्याच दिवशी तपासायला बोलावणं. पाच-सहा खेपा होतात. कुणी ‘दोन वेळात देतो’ म्हणालं तर यातलं काय गाळणार ते विचारा. माझा अनुभव असा की कडा घडवणं गाळलं जातं, आणि खालच्या कवळीचा जीव त्यातच असतो. ट्रायलच्या वेळी आरसा आधी आईंच्या हातात द्या. सुना-मुलींची मतं नंतर. कवळीतले दात, चावा, अंतर सगळं बरोबर असून फक्त आतून सैल झाली असेल, तर नवी करण्यापेक्षा आतून भर घालून घ्या, स्वस्तात काम होतं.

दुसरी वाट: हाड सपाट, कवळी तांत्रिकदृष्ट्या ठीक, आणि आईंना खरोखर चावून खायचंय. इथे मी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) सुचवतो, खालच्या जबड्यात पुढे सुळ्यांच्या जागी, आणि त्यांवर बटणासारखी बसणारी, काढता-घालता येणारी कवळी. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची बैठक झाली होती. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं तिथे ठरलं. ‘हाडच नाही’ म्हणणाऱ्या तिसऱ्या डॉक्टरांना इथे एक प्रश्न विचारा: मागे नाही, की पुढेही नाही? मागच्या भागात खालून नस जाते, त्यामुळे तिथे जागा लवकर संपते. पण दोन नसांच्या मधल्या पुढच्या भागात खूप झिजलेल्या जबड्यातही बहुधा पुरेसं हाड मिळतं. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला की वाद मिटतो. मधुमेह ताब्यात असेल तर अडथळा नाही. मी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७-८ च्या आत आल्याशिवाय हात लावत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा वर्षाला एक असं इंजेक्शन चालू असेल, तर ते न विसरता सांगा. त्या औषधांवर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो आणि निर्णय बदलू शकतो. आणखी एक, बटणांतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात. हा खर्च आधी कुणी सांगत नाही.

मग चार स्क्रूंवरचे फिक्स दात? वाईट नाहीत. पण ७१ व्या वर्षी, मधुमेहात, बारीक ब्रशने आणि दोऱ्याने खालून रोज साफ करणं आईंना जमेल का, आणि आणखी दहा वर्षांनी जमेल का, हे बघा. काढता येणारी कवळी सूनसुद्धा धुऊन देऊ शकते. ओठाला आधार हवा असेल तर तोही कवळीच्या गुलाबी भागाने नीट मिळतो. खर्चातला फरक तर आहेच. म्हणून माझी पसंती आधी दोन. त्याने भागलं नाही तर पुढचं नंतर ठरवता येतं.

तिसरी वाट: शस्त्रक्रिया नको, फार खेपा नकोत, किंवा तब्येत तेवढी नाही. मग आहे त्याच कवळीचा चावा सुधारून, आत मऊ अस्तर लावून, गरजेपुरती चिकटवणारी पेस्ट. पेस्ट थोडीच लावायची. रोज भरमसाट लागत असेल तर कवळीच चुकलीय. शिवाय जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षं जास्त वापरली तर शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा होऊ शकते.

जाता जाता, ज्यांच्या घरी अजून ‘उरलेले चार दात काढून मोकळे व्हा’ असं चाललंय त्यांच्यासाठी. खालचे दोन सुळे मुळाशी घट्ट असतील तर ते वाचवा. रूट कॅनाल करून, कापून हिरडीलगत ठेवता येतात आणि कवळी त्यांच्यावर बसते. १९७८ सालच्या एका अभ्यासात असे सुळे राखलेल्यांची पुढच्या भागातली झीज पाच वर्षांत ०.६ मिलिमीटर होती, सगळे दात काढलेल्यांची ५.२. तुमच्या आईंच्या बाबतीत ती वेळ गेली, म्हणून वर इम्प्लांटचं इतकं लिहिलं.

नवी कवळी आली तरी पहिले दोन-तीन आठवडे कठीण असतात. सुरुवातीला मऊ पदार्थ, लहान घास, आणि घास दोन्ही बाजूंना वाटून चावायचा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, पोळीचा तुकडा हातानेच करायचा. लागलं तर घरी कानस घेऊन घासू नका. दवाखान्यात येण्याआधी काही तास कवळी घालून या, म्हणजे लाल झालेली जागा दिसते. पुष्कळ पेशंट दुखतं म्हणून काढून ठेवतात, हिरडी बरी झाल्यावर येतात, आणि मग आम्हाला काहीच सापडत नाही.

पैशांचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कवळीचा विभाग आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पण वर सांगितलेली एकही पायरी गाळली जात नाही, कारण प्रत्येक पायरीवर सरांची सही लागते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासूनच्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतल्या साधनांत कवळीही आहे. जिल्ह्यात शिबिर कधी लागणार ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. कुठेही गेलात तरी आईंना सकाळी, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी झाल्यावर न्या, आणि रांगेत बसताना पिशवीत बिस्किटं ठेवा.